घरभेटीच्या वेळी नर्सिंग थिअरी खरंच वापरता का तुम्ही?

निळी_पिशवी

नवी मुंबईतल्या एका नागरी आरोग्य केंद्रात मी पीएचएन (पब्लिक हेल्थ नर्स) आहे. त्याआधी ११ वर्षं एएनएम (सहाय्यक परिचारिका) म्हणून काढली. दर वर्षी आमच्याकडे नर्सिंगच्या मुली कम्युनिटी पोस्टिंगला, म्हणजे वस्तीत काम शिकायला येतात. या खेपेला एका मुलीची फाईल तपासताना मी अडकले, म्हणून हा धागा काढतेय.

घर कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीतलं. काका ५२ वर्षांचे, मार्केटात गोण्या वाहतात. मधुमेह सात वर्षांपासून. उपाशीपोटी साखर २४०. गोळ्या दोन महिने बंद. मुलीने नर्सिंग डायग्नोसिस, म्हणजे नर्सने ठरवलेली पेशंटची अडचण, लिहिलं होतं, 'आजाराविषयी ज्ञानाचा अभाव'. थिअरी डोरोथिया ओरेम यांची, स्वतःची काळजी स्वतः घेण्याची. उपाय म्हणून आहार, व्यायाम आणि गोळ्यांचं महत्त्व पटवणे. अक्षर सुंदर, तक्ता आखीव. परीक्षकांनी पूर्ण मार्क दिले असते.

मी तिला घेऊन परत त्या घरी गेले. काकांना एवढंच विचारलं, "कामाला किती वाजता निघता?"

ते पहाटे तीनला उठतात. पावणेचारला बाहेर. गोळीच्या पाकिटावर लिहिलेलं 'सकाळी नाश्त्याआधी'. त्यांचा सकाळचा नाश्ता म्हणजे चहा, तोही बिनसाखरेचा, कारण आपणच तसं सांगितलं होतं. त्यानंतर पोटात अन्न जाणार ते साडेदहाला, डबा उघडल्यावर. म्हणजे ग्लिमेपिराइडसारखी साखर खाली आणणारी गोळी, रिकामं पोट आणि पाठीवर पन्नास किलोची गोणी. दोनदा दरदरून घाम फुटला, हात थरथरले. एकदा ट्रकला लावलेल्या फळीवरून तोल गेला. त्या दिवशी त्यांनी गोळी बंद केली.

"गोळी चांगली आहे ते कळतंय हो सिस्टर. पण फळीवरून पडलो तर घर कोण चालवणार?"

या माणसाला ज्ञान कमी आहे असं कोण म्हणेल? त्यांनी स्वतःच्या शरीराकडे नीट पाहिलं, कारण शोधलं आणि हातात होता तो उपाय केला. ओरेमबाईंच्या भाषेत ती स्वयं-काळजीच आहे. दुसऱ्या बाजूने घातक, पण आहे स्वयं-काळजीच.

घरी येऊन मी माझं जुनं पुस्तक काढलं. ओरेम यांनी स्वतःची काळजी घेण्याच्या ताकदीवर परिणाम करणारे दहा घटक दिलेत. वय, लिंग, वाढीचा टप्पा, प्रकृती, सामाजिक-सांस्कृतिक घडण, आरोग्यसेवेची व्यवस्था, कुटुंब, जगण्याची रीत, परिसर, हाताशी असलेली साधनं. 'जगण्याची रीत' तिथे स्पष्ट लिहिलेली आहे! थिअरीने सांगितलं होतं. आम्ही त्या पानाचं पाठांतर केलं, पण घरात शिरून तो प्रश्न विचारला नाही.

एमओ (वैद्यकीय अधिकारी) मॅडमकडे काकांना घेऊन गेले. त्यांनी गोळीही बदलली आणि वेळही. खिशात खडीसाखर ठेवायला सांगितली. निघताना दोन घास खायचे हे काकूंनी स्वतःवर घेतलं, रात्रीची अर्धी भाकरी झाकून ठेवतात.

तर प्रश्न असा की परीक्षेपुरती नाही, घराच्या उंबऱ्यावर उभं असताना तुम्हाला कुठली थिअरी उपयोगी पडली? पुस्तकातली व्याख्या नको. प्रसंग सांगा.

चौथं_वर्ष_बीएस्सी

ताई, ती फाईल माझी नाही पण माझी असू शकली असती. आमच्या सगळ्यांच्या फाईलमध्ये 'ज्ञानाचा अभाव' असतोच, कारण त्याच्यापुढे आरोग्य शिक्षण लिहिता येतं आणि चार्टही आधीच तयार असतो.

मला एक खरंच कळत नाही. ओरेम, पेप्लाऊ, या थिअरी मांडणाऱ्या सगळ्या एका पेशंटबद्दल बोलतात. आम्हाला मात्र पोस्टिंगला तीनशे घरांची वस्ती दिली आहे. वस्तीला थिअरी कशी लावायची?

घोडबंदर_रोड

वाचतेय. आमच्या सोसायटीत पोलिओच्या दिवशी येणाऱ्या सिस्टरना मी कधी पाणीसुद्धा विचारलं नव्हतं. यापुढे विचारीन.

कम्युनिटी_ट्यूटर

चौथं वर्ष, तुझा प्रश्न शंभर नंबरी आहे. मी ठाण्यात कम्युनिटी हेल्थ नर्सिंग शिकवते, आणि हा प्रश्न वर्गात फार कमी मुली विचारतात.

बहुतेक जुन्या थिअरी दवाखान्यातल्या खाटेशेजारी जन्मल्या हे खरं आहे. वस्तीसाठी मला बेटी न्यूमन यांची मांडणी सगळ्यात जवळची वाटते. १९७२ मध्ये ती पहिल्यांदा छापून आली. माणसाभोवती संरक्षणाच्या रेषा असतात, बाहेरचे ताण त्या रेषांवर आदळतात, आणि नर्सचं काम रेषा शाबूत ठेवण्याचं, तुटल्यावर लवकर ओळखण्याचं आणि नंतर पुन्हा उभी करण्याचं. पुढे याच मांडणीवरून 'समाज हाच भागीदार' हे मॉडेल निघालं. त्यात माणसाच्या जागी अख्खी वस्ती मध्यभागी ठेवतात.

उदाहरण देते. डेंगी. पावसाळ्यात आपण चाळीत जातो, बॅटरीने ड्रममध्ये अळ्या बघतो, ड्रम ओतायला लावतो आणि 'आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा' सांगून पुढच्या घरी. पुढच्या आठवड्यात तोच ड्रम, त्याच अळ्या. आता न्यूमन यांच्या नजरेने बघ. ड्रम हा ताण नाहीच. ड्रम हीच त्या घरातल्या बाईने उभी केलेली संरक्षणाची रेषा आहे. ताण आहे तो नळाला दिवसातून ठरावीक वेळच पाणी येण्याचा. तू तिला ड्रम ओत म्हणतेस तेव्हा डेंगीपासून वाचवण्यासाठी तू तिची तहानेविरुद्धची रेषा तोडतेस. ती ऐकणार नाही, आणि तिचं बरोबर आहे.

मग मधला मार्ग. ड्रम रिकामा करायचाच तर नळाला पाणी यायच्या आधी अर्धा तास, जेव्हा तो तसाही तळाला गेलेला असतो. नुसता ओतायचा नाही, आतून घासायचा, कारण डेंगी पसरवणाऱ्या एडिस डासाची अंडी पाण्याच्या रेषेजवळ भिंतीला चिकटतात आणि कोरडी राहूनही महिनोन्महिने टिकतात. वर जुन्या साडीचं फडकं घट्ट बांधायचं. हे झालं घराच्या पातळीवर. वस्तीच्या पातळीवर कोरडा दिवस गल्लीगणिक वेगळा, जिथे ज्या दिवशी पाणी जास्त वेळ येतं त्याप्रमाणे. आणि व्यवस्थेच्या पातळीवर, पाण्याच्या वेळा आणि डेंगीचे पेशंट एकाच नकाशावर मांडून तो नकाशा पाणी खात्याच्या टेबलावर ठेवायचा.

या तीन पातळ्या मी मनाने काढलेल्या नाहीत. अमेरिकेत मिनेसोटा राज्याच्या आरोग्य विभागाने पब्लिक हेल्थ नर्स नेमकं काय करते याचं एक चक्र तयार केलं. त्यात १७ कामं आहेत आणि बरीचशी व्यक्ती-कुटुंब, समाज, व्यवस्था अशा तिन्ही पातळ्यांवर करता येतात. आपल्या फाईलमध्ये १७ पैकी एकच काम असतं, आरोग्य शिक्षण. पाठपुरावा, वस्तीला संघटित करणं, बाजू मांडणं, धोरणासाठी भांडणं, हीसुद्धा त्या चक्रात नर्सची कामं म्हणूनच लिहिलेली आहेत.

निळी_पिशवी

ड्रमचं वाचून मी थांबलेच. इतकी वर्षं मी ड्रम ओतायला लावलेत.

मुंब्रा_ते_दिवा

निवृत्त एलएचव्ही (लेडी हेल्थ व्हिजिटर, एएनएमच्या कामावर देखरेख करणारी). ३१ वर्षं नोकरी, त्यातली शेवटची बरीच मुंब्रा-दिवा पट्ट्यात. मॅडमसारखं शिकवता येणार नाही, पण एक प्रसंग सांगते.

बाळाची पहिली पेंटा, पाच आजारांवरची एकत्र लस, सहा आठवड्यांनी. म्हणजे ४२ दिवस. आमच्या भागात कित्येक घरांत बाळंतीण चाळीस दिवस उंबरा ओलांडत नाही. हिंदूंच्या घरी सव्वा महिना, मुसलमानांच्या घरी चाळीस दिवस, थोडाफार फरक. सुरुवातीला आम्ही ही प्रथा म्हणजे लसीकरणाची शत्रू समजायचो. "कसले चाळीस दिवस धरून बसलात?" असं मी स्वतः बोललेय, एका सासूबाईंना. त्यांनी दार लावून घेतलं. पुढचे चार महिने ते दार माझ्यासाठी उघडलं नाही आणि बाळाच्या तीन तारखा गेल्या.

पुढे एका प्रशिक्षणात मॅडेलिन लायनिंगर यांच्याबद्दल ऐकलं. त्यांनी नर्सिंगला मानववंशशास्त्राची जोड दिली. त्यांचं म्हणणं साधं आहे. लोकांच्या रीतीभातींसमोर नर्सने तीनच गोष्टी करायच्या. चांगली असेल ती जपायची. अडचणीची असेल तिथे दोन्हीकडून थोडं सरकून जुळवून घ्यायचं. घातक असेल ती लोकांना बरोबर घेऊन बदलायची.

त्या रात्री मी वहीत तीन रकाने केले. जपायचं: बाळंतिणीला कामापासून विश्रांती, बाळाला मऊ हाताने मालीश, आईला डिंक-अळिवाचे लाडू. बदलायचं: चीक काढून टाकणं, जन्मल्या जन्मल्या मध किंवा घुटी चाटवणं, डोळ्यांत काजळ. आणि मधल्या रकान्यात चाळीस दिवस. तो लिहिताना पहिल्यांदा हिशोब डोक्यात आला. चाळीस संपतात आणि बेचाळीसला लस! भांडण होतंच कुठे?

त्यानंतर मी आजीबाईंशीच बोलायला लागले. "चाळीस दिवस नीट सांभाळा. नंतर बाळाचं पहिलं बाहेर पडणं लसीसाठी होऊ दे, तुमच्याच हाताने." आज्या नातवंडाला नवीन झबलं घालून लसीकरणाच्या सत्राला घेऊन यायला लागल्या. ज्यांना आम्ही अडथळा म्हणत होतो त्या रांगेत पुढे उभ्या.

२०२२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात गोवंडी, भिवंडी, मालेगावात गोवर पसरला तेव्हा मी निवृत्त झालेली होते. बातम्या बघून जीव तुटायचा. गोवराचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर असतो, तोवर आजीचा उत्साह ओसरलेला असतो आणि आई कामावर परतलेली असते. पहिल्या भेटीत ज्या दाराशी आपण भांडलो, तेव्हा तेच दार बंद असतं.

आशा_गटप्रवर्तक

मला थिअरी माहीत नाहीत. ताईंनी विचारलं म्हणून लिहिते.

बाळंतपणानंतर आमच्या आशा सहा वेळा घरी जातात. तिसरा दिवस, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा. नवीन आशा तिसऱ्या दिवशी गेली की आधी काटा काढते, बाळाला झोळीत टांगते, फॉर्म भरते. घरचे घाबरतात. मी त्यांना सांगते, पहिली दहा मिनिटं पिशवी उघडायची नाही. बाळंतिणीला विचार, तू जेवलीस का? रात्री झोप झाली का? टाके दुखतात का? मग हात धुवून बाळ मागायचं. सातव्या दिवसापर्यंत ती स्वतःहून सांगायला लागते. चौदाव्याला नवऱ्याच्या दारूचं पण सांगते. आणि बेचाळिसाव्याला निघताना, आता पुढे कधी येणार आणि मध्ये काही झालं तर फोन कुणाला करायचा, ते सांगूनच उठायचं. नाहीतर बाईला वाटतं सोडून गेली.

कम्युनिटी_ट्यूटर

गटप्रवर्तक ताई, हिल्डेगार्ड पेप्लाऊ यांनी १९५२ मध्ये हेच मांडलं. नर्स आणि रुग्ण यांचं नातं टप्प्याटप्प्याने वाढतं. आधी ओळख, मग विश्वास बसून एकत्र काम, आणि शेवटी नीट निरोप. निरोपाचा टप्पा आमच्या मुली हमखास विसरतात, पोस्टिंग संपलं की नाहीशा होतात. तुमची शेवटची ओळ मी उद्या वर्गात वाचून दाखवणार आहे, तुमची परवानगी असेल तर.

आशा_गटप्रवर्तक

वाचा ना मॅडम.

स्टेथो_आणि_सायकल

नागरी आरोग्य केंद्रात एमओ होतो, आता खासगीत. थोडा विरोधी सूर लावतो, राग नसावा.

निकषाप्रमाणे दहा हजार लोकसंख्येला एक एएनएम. प्रत्यक्षात एकीवर दोघींचं काम असतं. सकाळी सत्र, दुपारी ऑनलाइन नोंदी, संध्याकाळी आढावा बैठक. त्यात लायनिंगरचे तीन रकाने कधी भरायचे? दुसरं, ही सगळी नावं अमेरिकन. आपल्या गल्लीतल्या कामासाठी तिकडून चष्मा कशाला आणायचा?

निळी_पिशवी

डॉक्टर, राग कशाचा? वेळेचं तुमचं म्हणणं मी रोज जगतेय. पण हिशोब मांडून बघा. माथाडी काकांच्या घरी आमच्या केंद्रातून दोन महिन्यांत चार भेटी झाल्या होत्या. चारही वेळा 'समुपदेशन केले' अशी नोंद. पाचव्या भेटीत एक प्रश्न, सात मिनिटं. वाया गेला तो वेळ चार भेटींचा.

चष्म्याबद्दल मला वेगळं वाटतं. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई पुण्यात रुग्णांच्या दारी गेल्या, आजारी मुलाला स्वतः उचलून आपले दत्तक पुत्र यशवंतराव यांच्या दवाखान्यात आणलं आणि त्याच साथीत १० मार्चला गेल्या. जामखेडला १९७० पासून आरोळे दांपत्याने न शिकलेल्या बायकांना गावच्या आरोग्याची सूत्रं दिली. आपल्याकडे काम झालंय, मोठं झालंय. त्याला नाव देऊन पुढच्या मुलीच्या हातात देण्याचं काम कमी झालं. मुंब्र्याच्या ताईंना चाळीस आणि बेचाळीसचा हिशोब कळायला एक बंद दार आणि चार महिने लागले. चौथ्या वर्षातल्या मुलीला तो तीन रकान्यांत पहिल्याच दिवशी मिळत असेल तर चष्मा कुठला का असेना.

आणि त्या अमेरिकन बायकाही आपल्यासारख्याच गल्लीत होत्या. 'पब्लिक हेल्थ नर्स' हा शब्द रूढ करणाऱ्या लिलियन वॉल्ड १८९३ मध्ये न्यूयॉर्कच्या स्थलांतरितांच्या चाळींत जिने चढत होत्या. १९०२ मध्ये त्यांनी शाळेत एक नर्स पाठवली, कारण डॉक्टर मुलं तपासून घरी पाठवायचे आणि तिथे उपचार कुणीच करायचं नाही. ती नर्स घरापर्यंत गेली आणि शाळेतून परत पाठवल्या जाणाऱ्या मुलांची संख्या एकदम खाली आली. तुर्भ्याच्या शाळेतल्या तपासणीनंतर आपण चिठ्ठ्या देतो, त्यांचं काय होतं हे बघायला कुणी जात नाही. तेव्हा हा प्रश्न अमेरिकेचा नाही.

स्टेथो_आणि_सायकल

चार भेटींचा हिशोब मान्य. वेळेचा मुद्दा मात्र मी सोडत नाही, पदं भरली पाहिजेत.

टीबीच्या कॅम्पचं एक आठवलं. दिघ्याच्या बाजूला फुप्फुसाच्या एक्स-रेचा कॅम्प लावला होता. खोकणारी माणसं माहीत होती, तरी आली नाहीत. आम्ही अहवालात 'जनजागृतीचा अभाव' लिहिलं. तुमच्या 'ज्ञानाचा अभाव'चा सख्खा भाऊ. एका सिस्टरने मात्र घरोघर विचारलं. कॅम्प मंगळवारी सकाळी दहाला. त्या वेळी ती माणसं नाक्यावर किंवा खाणीवर, एक दिवसाची मजुरी बुडवून कोण येणार? आणि टीबी निघाला तर मुकादम कामावर घेणार नाही ही धास्ती वेगळी.

कम्युनिटी_ट्यूटर

डॉक्टर, योगायोग बघा. 'आरोग्य-श्रद्धा मॉडेल' म्हणून आम्ही जे शिकवतो ते नर्सिंगचं नाही, मानसशास्त्रज्ञांचं आहे, पण ते १९५० च्या दशकात जन्मलं ते याच प्रश्नातून. अमेरिकेत टीबीसाठी एक्स-रे फुकट होता, गाडी दारापर्यंत यायची आणि लोक येत नव्हते. मला हा आजार होऊ शकतो असं वाटतं का, झाला तर किती गंभीर, तपासणीचा फायदा काय, आणि आड काय येतं? चौथ्या प्रश्नाचं तुमच्याकडचं उत्तर होतं मंगळवारची मजुरी.

आता हातात धरायची एक्स-रे यंत्रं आली आहेत, टीबीच्या पेशंटला पोषणासाठी महिन्याला मिळणारी रक्कमही नोव्हेंबर २०२४ पासून ५०० ची १००० झाली. फायद्याची बाजू जड झाली. मुकादमाच्या धास्तीवर मात्र अजून कुठलं यंत्र नाही. तिथे सिस्टरनेच मुकादमाकडे जायचं, पेशंटचं नाव न घेता, आणि सांगायचं की योग्य गोळ्या सुरू झाल्यावर काही आठवड्यांत बहुतेकांपासून संसर्ग थांबतो.

चौथं_वर्ष_बीएस्सी

सहा दिवसांनी लिहितेय. ताई, तुमच्यासारखाच एक प्रश्न विचारून पाहिला.

ड्यू लिस्टमध्ये, म्हणजे लस राहिलेल्या बाळांच्या यादीत, एका बाळापुढे 'नकार' लिहिलं होतं. दुसरी पेंटा राहिलेली, बाळ चार महिन्यांचं. आधीच्या ग्रुपच्या मुलींनी आईला लसीचे फायदे दोनदा सांगितले होते, चार्टसकट. मी चार्ट नेला नाही. विचारलं, "पहिल्या लसीनंतरचे दोन दिवस कसे गेले?"

ती बोलतच सुटली. बाळाला ताप आला, मांडी सुजली, दोन रात्री रडलं. ती घरी बसून इमिटेशन दागिन्यांना खडे लावते, डझनावर पैसे. दोन दिवस माल झाला नाही आणि देणाऱ्याने पुढचा आठवडा कामच दिलं नाही. तिला लस हवी आहे. शनिवारी मिळाली तर रविवारी नवरा घरी असतो, तो बाळाला घेईल. सत्र बुधवारी असतं.

मी फाईलमध्ये 'ज्ञानाचा अभाव' न लिहिता 'लसीनंतर बाळ सांभाळायला घरात माणूस नसणे आणि मजुरी बुडणे' असं लिहिलं. आमच्या मॅडम म्हणाल्या, हे मान्य यादीतलं डायग्नोसिस नाही, बदलून आण. मी अजून बदललेलं नाही. पण मला त्या बाळाचं काय करू ते सांगा.

कम्युनिटी_ट्यूटर

यादीतलं जवळचं नाव वर लिही, आणि 'कारण' या रकान्यात तुझं वाक्य जसंच्या तसं ठेव. कुणी हरकत घेणार नाही. घेतली तर मला कळव.

निळी_पिशवी

हे तुझं-माझं गाव एकच निघालं. तुझ्या वर्णनावरून ती गल्ली ओळखली मी.

शनिवारी आमचं वस्तीत जाऊन भरवायचं (आऊटरीच) सत्र नसतं, पण केंद्रात लस असते. मी एमओ मॅडमना विचारलं, या शनिवारी दुपारी बाराच्या आत आणलं तर देऊ म्हणाल्या. डोस उशिरा झालाय म्हणून पहिल्यापासून सुरुवात करायची नाही, राहिलेला पुढे द्यायचा, हे तिला आधीच सांग, नाहीतर ती घाबरेल. तापाच्या औषधाचं माप बाळाच्या वजनाप्रमाणे मॅडम कार्डावर लिहून देतील. मांडीवर गार पाण्याची घडी ठेवायची, चोळायचं नाही. लस दिल्यावर अर्धा तास थांबायचं आहे, तर तेवढ्या वेळात खडे लावायचा माल बरोबर आणला तरी चालेल, बाकावर जागा करून देईन.

रविवारी संध्याकाळी तू तिला फोन कर. सोमवारी मी त्या गल्लीत आहेच. आणि त्या बाईसारख्या घरी बसून माल करणाऱ्या आणखी किती जणी आपल्या ड्यू लिस्टमध्ये 'नकार' म्हणून पडल्यात ते आपण दोघी मिळून काढू. मला वाटतं पाच-सहा तरी निघतील. तेवढ्या निघाल्या तर महिन्यातून एका शनिवारच्या सत्राची मागणी मी लेखी देणार आहे.

मुंब्रा_ते_दिवा

मागणीत बाळांची संख्या लिहा, आयांची कारणं लिहा, आणि खाली आशांच्या सह्या घ्या. मी असंच शुक्रवारचं सत्र गुरुवारी करून घेतलं होतं. पहिल्या अर्जाला उत्तर आलं नव्हतं. तिसऱ्याला आलं.